सांडवा नसलेली पाळ

पूर्वी पोतली नगरीत अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तळ्याच्या पाटकऱ्याच्या घरी जन्मला. तळ्याचे पाणी पाटाने शेतांना सोडायचे, कोणाला कधी आणि किती हे ठरवायचे, हे पाटकऱ्याचे काम. बापामागे ते काम त्याच्याकडे आले. लोक त्याला नंदिय म्हणत.

तळे मोठे होते. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला मातीची लांब पाळ. पाळीखाली तीन वाड्या होत्या, वरची, मधली आणि खालची. पाळही तिघींत वाटून दिलेली होती. हद्दीवर दगड पुरले होते. आपल्या भागाची माती आपण भरायची, आपणच धुम्मस घालून ती ठोकायची, दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. रीत वाईट नव्हती. ज्याचे काम त्याला नेमून दिले की काम होते.

वाईट झाले ते मोजणीने. दरवर्षी पाऊस सरला की राजाचा अमात्य दोरी घेऊन येई. पाळीच्या माथ्यावरून दोरी खाली सोडायची आणि ती पायथ्याला टेकली की गाठ मारायची. ज्या वाडीची दोरी सर्वांत लांब भरेल तिच्या प्रमुखाच्या डोक्यावर राजाचे तांबडे पागोटे चढे. लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येक भागात पाळ जिथे सर्वांत बुटकी असेल तिथेच दोरी सोडीत. ऐकायला हे सगळे न्यायाचे वाटते.

मधल्या वाडीचा प्रमुख पिंगल नावाचा होता. ही गोष्ट त्याचीच आहे.

पिंगल कष्टाळू होता, मानी होता आणि पाळीवर जीव टाकणारा होता. पण त्याच्या भागात सांडवा होता. सांडवा म्हणजे तीस हात रुंदीची, दगडाने बांधलेली, पाळीपेक्षा चार हात बुटकी जागा. तळे काठोकाठ भरले की जादा पाणी तिथून सांडे आणि ओढ्याने नदीला जाई. अमात्याची दोरी मधल्या वाडीत नेमकी तिथे पडे. त्यामुळे पिंगलाच्या बापाला पागोटे मिळाले नाही, आजालाही नाही. वरच्या वाडीचे लोक म्हणत, “मधल्या वाडीचं डोकं उघडंच बरं. वारा लागतो.”

हे ऐकून ऐकून एके वर्षी पिंगलाने सांडवा बुजवायला काढला. दगड उचकटून काढले. ते शोभेला पाळीच्या पुढच्या अंगाला बसवले. माती लागली ती पायथ्यातून खणून घेतली.

नंदिय रोज सकाळी अनवाणी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाले. त्या दिवशी तो सांडव्यापाशी थांबला. नंदियाचा मुलगा पिंगलाचा जावई होता. पिंगलाची एकुलती एक मुलगी चंपा नंदियाच्या घरी दिली होती.

“व्याही, हे काय चालवलंय?”

“पाळ सारखी करतोय.”

“हा सांडवा आहे.”

“माझ्या हद्दीत आहे.”

“हद्दीत तुमच्या असेल. पण तोंड सगळ्या तळ्याचं आहे. पोट भरल्यावर त्यानं ढेकर कुठून द्यायची?”

पिंगल हसला. “तळ्याचं पोट भरलेलं तुम्ही कधी बघितलंय?”

“माझ्या आजानं बघितलंय.”

“मग आजालाच बोलवा दोरी धरायला.”

माती वाहणारी माणसे हसली. नंदियही थोडा हसला, पण तिथून हलला नाही.

“निदान पायथा खणू नका,” तो म्हणाला.

“का? एका फावड्यात दोन कामं होतात. खाली खणलं की दोरी तेवढी लांब, वर टाकलं की आणखी लांब.”

“दोरी लांब होते. पाळ बारीक होते.”

“दोरी काय झाडाला लावतात? पाळीलाच लावतात ना?”

या बोलण्यावर उत्तर होते, पण ते एका वाक्यात बसणारे नव्हते. माणसे टोपल्या घेऊन ताटकळली होती. नंदिय निघून गेला.

सांडवा बुजल्यावर ओढ्यात पाणी यायचे कारण उरले नाही. पिंगलाने ती जमीन वाडीत वाटून दिली आणि तिथे ऊस लावला. तोंडाजवळची दोन वावरे सर्वांत कसदार होती. ती त्याने नंदियाच्या नावावर करू घातली. नंदियाचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते.

“घ्या,” पिंगल म्हणाला. “शेवटी चंपाच्याच घरात येणार.”

“नको.”

“कमी पडतात का?”

“त्या वावरांतून पाणी जायचं आहे, व्याही. आज नाही तर उद्या. मी त्यात ऊस लावला तर तुम्हाला बोलायला मला तोंड राहणार नाही.”

पिंगलाला हे लागले. देणाऱ्याचा हात रिकामा परत आला की लागतेच. पण शरदात अमात्य आला, दोरी पडली आणि तांबडे पागोटे पिंगलाच्या डोक्यावर चढले. त्यानंतर त्याला बाकी काही आठवले नाही.

ओळीने तीन वर्षे पागोटे मधल्या वाडीकडे राहिले. ते पाहून वरच्या आणि खालच्या वाडीनेही पायथा खणून माथ्यावर माती टाकायला सुरुवात केली. पाळ दरवर्षी उंच होत गेली. तिन्ही वर्षे पाऊस बेताचा होता, तळे कधी अर्ध्याच्या वर भरले नाही. नंदिय दरवर्षी तिन्ही प्रमुखांना तेच सांगे. पुढे पुढे तो आला की ते म्हणत, “आले आजोबांचे निरोप.”

चौथ्या वर्षी हस्ताचा पाऊस लागला. हस्त हत्तीच्या सोंडेने पडतो म्हणतात, तसा तो पडला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. डोंगरांचे सगळे पाणी तळ्यात उतरले.

चंपा त्या वेळी माहेरी होती. लग्नाला पाच वर्षे झाल्यावर तिला दिवस राहिले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती बापाकडे आली होती. नववा महिना सरत आला होता. तिचा नवरा सार्थवाहाच्या तांड्याबरोबर दूर गेला होता. पिंगलाचे घर पाळीखाली, मधल्या भागाच्या अगदी समोर होते.

नवव्या दिवशी सकाळी नंदिय दोन्ही हातांत एक एक गाडगे घेऊन पिंगलाच्या ओसरीवर आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता.

“मामंजी, आत या,” चंपा म्हणाली. “त्या खुंटीवरच्या पागोट्याखाली बसा. बाबांनी घरातली सगळ्यात कोरडी जागा त्याला दिलीय.”

“तुझे बाबा माझ्यापेक्षा त्याला जास्त जपतात.”

“माझ्यापेक्षाही,” चंपा म्हणाली आणि पोटावर हात ठेवून भिंतीच्या आधाराने हळू हळू आत गेली.

नंदियाने दोन्ही गाडगी पिंगलापुढे ठेवली. एकात पाणी नितळ होते, दुसऱ्यात तांबडे.

“दोन्हीत तुमच्या भागाच्या पायथ्याचं पाणी आहे. हे नितळ काल झिरपत होतं. हे आजचं.”

“पावसाचं पाणी गढूळच असतं.”

“पावसाचं वरून येतं. हे पाळीच्या पोटातून आलंय. नितळ पाझर किती का असेना, भ्यायचं कारण नाही. गढूळ आला म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. पाळ आतून निघून चाललीय, व्याही.”

“पाण्यावर माथा किती उरलाय?”

“दीड हात.”

“मग दीड हात आहे. अजून दोन दिवस जातील. तोवर उघडेल.”

“माथ्यावरून नाही जायची ती. पायातून जाईल. सांडवा फोडा. आज फोडा.”

पिंगल गाडग्यांकडे पाहत राहिला. त्याला कळत नव्हते असे नाही. पण त्याला ऊस दिसत होता, तो तोडणीला आला होता. त्याला अमात्य दिसत होता, तो पंधरा दिवसांनी यायचा होता. आपल्याच हाताने आपली पाळ फोडणारा पिंगल, वरच्या वाडीचे लोक ज्याची पुढची तीन पिढ्या टिंगल करतील, तोही त्याला दिसत होता.

“उद्या बघू,” तो म्हणाला.

“मग चंपाला तरी टेकडीवर हलवा.”

“नवव्या महिन्याची पोर या पावसात टेकडीवर नेऊ? सुईणीनं जागचं हलवायचं नाही म्हणून सांगितलंय.”

सुईणीचे खरेच होते. तिला पोटातले मूल दिसत होते, तळे दिसत नव्हते.

नंदिय तिथून वरच्या वाडीला गेला. तिथला प्रमुख म्हणाला, “आमचा भाग हातभर उंच आहे, येऊन बघ.” तो खालच्या वाडीला गेला. तिथला प्रमुख म्हणाला, “सांडवा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायची आपल्याकडे रीत नाही, हे तुला ठाऊक आहे.” दोघांचे बोलणे खरे होते. अशी खरी उत्तरे गोळा करून नंदिय संध्याकाळी घरी आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने बायकोला टेकडीवर पाठवले आणि फावडे घेऊन एकटाच सांडव्याच्या जागी खणायला लागला.

पिंगलाला हे दुपारी कळले. घरात चंपाला कळा सुरू झाल्या होत्या, सुईण आत होती, पुरुषाला तिथे काम नव्हते. तो ओसरीवर येरझाऱ्या घालत असताना कोणी तरी पळत आले आणि म्हणाले की पाटकरी पाळ फोडतोय, उसात पाणी शिरलंय. पिंगल वीस माणसे घेऊन पाळीवर चढला.

एक हात रुंदीची घळ पडली होती. त्यातून मांडीभर पाणी धावत होते. खालची दोन वावरे आडवी झाली होती. नंदिय कमरेपर्यंत चिखलात उभा होता.

“व्याही, फावडं टाका,” पिंगल म्हणाला.

नंदियाने फावडे टाकले. “टाकलं. आता फक्त पाणी अडवू नका. दगडी तोंड राहिलं नाही, म्हणून घळ रुंदावेल. माझं घर जाईल. ऊस जाईल. तेवढ्यावर सुटतंय.”

“माझ्या पाळीला तुम्ही फावडं लावलं. चार माणसांत माझी मान खाली घातली.”

“पिंगला,” नंदिय म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने व्याह्याला नावाने हाक मारली नव्हती. “तुझा भाग बघू नको रे. पाळ बघ. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ये, खाली उतरून पायथा बघ, मग काय करायचं ते कर. मी इथून पळून जात नाही.”

पिंगलाने मान वळवली. उजवीकडे पाहिले तर नजर वरच्या वाडीच्या हद्दीच्या दगडापर्यंत गेली आणि थांबली. डावीकडे पाहिले तर खालच्या वाडीच्या दगडापाशी थांबली. तीस वर्षे ती तिथेच थांबत आली होती. मध्ये त्याला आपली पाळ दिसली, उंच, ठोकलेली, सरळ, आणि तिला मधोमध एक घाव.

मागे वीस माणसे उभी होती.

“बुजवा,” तो म्हणाला.

त्यांनी नंदियाला बैलाच्या दाव्याने बांधून माथ्यावर बसवले. उसाच्या मोळ्या टाकल्या, गोणपाटात माती भरून टाकली, नंदियाच्या घराची दारे आणि तुळया काढून आडव्या रोवल्या. मधल्या वाडीची माणसे कामाला चोख होती. घळ बुजली. त्या बुजवलेल्या जागेतून शेवटपर्यंत एक थेंब पाझरला नाही.

नंदिय सुरुवातीला एकदा म्हणाला, “चंपाला हलव.”

काम आटोपल्यावर पिंगल घराकडे जायला पाळ उतरला. बुजवलेल्या जागेपासून दोनशे पावलांवर, जिथे त्याच्या वाडीची पाळ सर्वांत उंच होती आणि पायथा सर्वांत जास्त खणलेला होता, तिथे जमिनीतून दंडाएवढे जाड तांबडे पाणी उकळ्या फोडीत वर येत होते. तो थबकला. त्याने वाकून दोन्ही हातांनी चिखल उचलला आणि त्यावर दाबला. चिखल हातांतून निघून गेला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. मग वर पाहिले तर पाळीचा माथा हळूहळू खाली येत होता. थकलेला बैल गुडघे टेकतो तशी त्याची पाळ बसली.

त्यानंतरचे त्याला धड आठवत नसे. पाण्याने त्याला एका चिंचेच्या फांद्यांत टाकले होते. तिथून खाली पाहिले तर मधली वाडी नव्हती. घर कुठे होते हे ठरवायला आजूबाजूला दुसरे घरही उरले नव्हते. खालच्या वाडीची वरच्या अंगाची घरे दिसत होती, तीही एक एक करून जात होती.

पाळीच्या शाबूत टोकावर अडकलेल्या माणसांनी नंदियाला सोडले होते. त्याला बांधलेले ते दावे झाडाला गुंडाळून तो पाण्यात उतरला आणि संध्याकाळपर्यंत त्याने अकरा माणसे बाहेर काढली. बारावे माणूस म्हणजे पिंगल.

फुटलेली जागा रुंदावत गेली. दिवस मावळायच्या आत तिने बुजवलेली घळ गिळली, नंदियाचे घर गिळले. सांडवा कुठे होता, कोणी काय खणले, कोणी काय बुजवले, यातले काही दाखवायला माती उरली नाही.

चंपा तिसऱ्या दिवशी सापडली. मूल जन्मले नव्हते. दोघा व्याह्यांनी मिळून तिला अग्नी दिला.

पंधरा दिवसांनी अमात्य आला. दोरी आणली होती, पण मधोमध मोजायला पाळच नव्हती. दोनशे माणसे मेली होती. राजाला कारण सांगायचे होते आणि कोणाला तरी दोष द्यायचा होता. अमात्य वरच्या वाडीच्या वडाखाली आसनावर बसला. त्याची पद्धत सरळ होती. ज्याला जे ठाऊक असेल तेवढेच त्याने सांगायचे. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे.

वरच्या वाडीचा प्रमुख म्हणाला, “आमचा भाग अजून उभा आहे, महाराज.” तो उभा होता. खालच्या वाडीचा प्रमुख म्हणाला, “आमचाही उभा आहे.” तोही उभा होता. अमात्याने दोन्हीकडे माणूस पाठवून खात्री करून घेतली.

मग त्याने पिंगलाला बोलावले. पिंगल खोटे बोलत नाही हे तिन्ही वाड्यांना ठाऊक होते, अमात्यालाही ठाऊक होते.

“तुझ्या भागात पाटकरी नंदिय फावड्याने पाळ खणत होता. तू पाहिलंस?”

“पाहिलं.”

“डोळ्यांनी?”

“डोळ्यांनी.”

“पाळ त्याच दिवशी फुटली?”

“त्याच दिवशी.”

अमात्य नंदियाकडे वळला. “तू खणलंस?”

“खणलं,” नंदिय म्हणाला. “पण हे इथे संपत नाही. पुढचं त्यांना विचारा.”

“पुढे काय झालं?” अमात्याने पिंगलाला विचारले.

पुढे काय झाले ते त्याच्या समोर उभे होते. घळ बुजवली. पाळ तिथून फुटलीच नाही, दोनशे पावले सोडून पायथ्यातून फुटली. तो पायथा मी खणला. सांडवा मी मोडला. माझ्या मुलीला मी हलवले नाही. एवढे बोलायचे होते. पण शेवटच्या वाक्यापर्यंत जायचे तर आधीची सगळी वाक्ये ओलांडावी लागत होती, आणि त्या वाक्यांच्या पलीकडे चंपा होती, ओल्या उसात सापडली तशी. आतापर्यंत ती पाण्याने मेली होती. एवढे बोलले की ती बापाच्या हाताने मरणार होती.

“पुढे पाणी आलं,” पिंगल म्हणाला. “माझी मुलगी गेली.”

हेही खरे होते.

नंदियाने त्याच्याकडे पाहिले. नंदियाला बोलता आले असते. वीसांपैकी सहा माणसे जिवंत होती, त्यांची नावे घेता आली असती. पण समोरचा माणूस कशाच्या आधाराने उभा आहे हे त्याला दिसले, आणि तो आधार काढून घ्यायला त्याचे मन झाले नाही. त्याने अमात्याला हात जोडले.

“शिक्षा द्या, महाराज. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. दोनच गोष्टी मागतो. नव्या पाळीला सांडवा ठेवा. आणि मोजताना पायथ्याला हात लावू देऊ नका.”

अमात्य आपल्या माणसांकडे पाहून म्हणाला, “ऐका. चोर सांगतोय, भिंतीला भोक ठेवा.”

वडाखालचे लोक हसले. ज्यांच्या घरात चुलीपुढे बसायला माणूस उरला नव्हता तेही हसले.

नंदियाला देशाबाहेर घालवण्यात आले. त्याची बायको त्याच्याबरोबर गेली. मुलगा तांड्याबरोबर परत आला तेव्हा त्याला ना बायको भेटली, ना बाप. तो वेशीवरूनच परत फिरला. गोदावरी ओलांडून नंदिय दक्षिणेला गेला. पुढे तो कुठे राहिला आणि कधी मेला, हे या वाड्यांना कळले नाही.

नवी पाळ बांधली गेली. अमात्याने आज्ञा केली होती की पाळीला कुठेही बुटकी जागा असता कामा नये. हद्दीचे दगड धुऊन पुन्हा पुरले. पाळ फुटल्यापासून पाचव्या वर्षी मोजणी पुन्हा सुरू झाली. पागोटे पुन्हा मधल्या वाडीला मिळाले आणि ते पिंगलाने डोक्यावर बांधून घेतले, कारण चारचौघांत नको म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते.

त्यानंतर मात्र तो पाळीवर चालू लागला. रोज सकाळी, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हद्दीचे दगड ओलांडून. पायथ्याशी बसून तो पाझराचे पाणी ओंजळीत घेऊन बघे. माणसे पुन्हा पायथा खणत होती. तो त्यांना म्हणे, “खणू नका रे. आणि एक सांडवा ठेवा.”

ती म्हणत, “प्रमुख, सांडव्यानंच तर पाळ फुटली. तुम्हीच अमात्याला सांगितलंत.”

“मी तसं नाही सांगितलं.”

“मग कसं सांगितलंत?”

तेव्हा तो सांगायला बसे. पहिल्यापासून सांगे, पागोट्यापासून, दगडांपासून. लोक थोडा वेळ ऐकत. मग एकमेकांना खूण करीत. म्हणत, पोर गेल्यापासून म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, आता सगळे स्वतःवर ओढून घेतो. अर्धे सांगायला त्याला एक शब्द लागला होता. उरलेले अर्धे सांगायला बारा वर्षे पुरली नाहीत. तेराव्या वर्षी तो मेला. पाळ उंच होत राहिली.

ही कथा बोधिसत्त्वाने, पुढे शास्ता म्हणजे गुरू झाल्यावर, एका विहारात सांगितली. तिथे पियक नावाच्या भिक्षूने संघापुढे साक्ष दिली होती की अमुक थेराला, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूला, मी एका विधवेच्या घरातून चीवर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, घेऊन निघताना पाहिले. थेराला संघाने लोभी ठरवून दूर केले. ते चीवर पुढे त्याने वाटेवर तापाने फणफणलेल्या एका वाटसरूवर पांघरले होते, आणि पियकाने तेही पाहिले होते. पण तेवढे कोणी विचारले नव्हते. थेर त्याच रात्री विहार सोडून गेला आणि पुन्हा सापडला नाही. भिक्षूंनी पियकाला शास्त्यापुढे आणले.

पियक म्हणाला, “भंते, मी खोटे बोललो नाही.”

शास्ता म्हणाला, “तेव्हाही बोलला नव्हतास.”

मग शास्त्याने जातक जुळवून दाखवले. त्या काळचा पिंगल तो आताचा पियक भिक्षू. दोरीचा अमात्य म्हणजे ज्याने साक्ष घेतली तो संघाचा चौकशी करणारा भिक्षू. तिन्ही वाड्यांचे लोक म्हणजे खाली मान घालून बसलेली ही परिषद. आणि पाटकरी नंदिय तो मीच होतो. चंपा कोण होती ते शास्त्याने सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

ही प्रज्ञा पारमिता होय. वस्तू सगळी पाहणे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पायथ्यासकट. ती असली म्हणून लोक वाचतात असे नाही. त्या जन्मी मधली वाडी वाचली नाही. तरी बोधिसत्त्वाने ती सोडली नाही.